एक हजार एकोणनव्वद सीसी

वैशाखाच्या उन्हात दिवे घाट चढून, सासवड आणि जेजुरी मागे टाकून एखादी जुनी फियाट मोरगावात येते. वाटेत तिने काही कुरकुर केलेली नसते. मंडळी उतरतात, मयूरेश्वराचं दर्शन घेतात, सावलीत बसून डबे सोडतात. तासाभराने परत येऊन किल्ली फिरवावी तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चोक ओढून होतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबून होतो, बॅटरी बसायच्या बेताला येते. जमलेल्या माणसांतला एखादा जाणता मग पुढे होतो. बॉनेट उघडतो, फडक्यावर पाणी ओततो आणि इंजिनच्या कुशीला बसवलेल्या मुठीएवढ्या डबीवर ते फडकं गुंडाळतो. थोडा वेळ सगळे नुसते उभे राहतात. पुन्हा किल्ली फिरते आणि गाडी सुरू होते.

गॅरेजात त्या डबीला एसी पंप म्हणतात. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. मधलं पेट्रोल ओढून आणायचं काम या पंपाचं. आत एक रबरी पडदा असतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडा हलवतो, दांडा पडदा खाली ओढतो, त्या ओढीने पेट्रोल पंपात येतं आणि तिथून कार्बोरेटरला जातं. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. त्यातले हलके भाग चाळिशीच्या तापमानालाही उडू लागतात, आणि ओढीमुळे नळीत दाब कमी झाला की आणखी लवकर उडतात. गाडी पळत असते तोवर पंखा फिरतो, पाणी खेळतं, नवं गार पेट्रोल येत राहतं. गाडी थांबली की तिन्ही एकदम थांबतात आणि बिडाच्या ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता पंपात, नळीत, कार्बोरेटरमध्ये शिरते. नळीत वाफ कोंडते. वाफ दाबली जाते, फुगते, पण पुढे सरकत नाही. पडदा बिचारा वाफच चिवडत बसतो. मेकॅनिक याला व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्याने डबी गार होते, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, आणि पंपाला ओढायला काहीतरी मिळतं.

मोरगाव बारामती तालुक्याच्या जिरायती भागात. कऱ्हा इथून वाहते, पण उन्हाळ्यात तिचा आधार फारसा नसतो. पुण्याहून येणाऱ्या गाडीला आधी घाट, मग उघडं माळरान आणि शेवटी एक तळपता वाहनतळ असा क्रम मिळतो. फियाटच्या इंजिनची परीक्षा घ्यायला याहून चांगली वाट मुद्दाम आखूनही सापडली नसती. अष्टविनायकाची यात्रा मोरगावापासून धरायची अशी रीत आहे. आता मिनीबस आणि सात सीटच्या गाड्या दिसतात, पण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईहून यात्रेला येणाऱ्या घरच्या किंवा भाड्याच्या मोटारींत फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर यांशिवाय तिसरं नाव क्वचित असायचं. ओल्या फडक्याचं शहाणपण या रस्त्यांवर असं पसरलं.

या इंजिनशी या मुलखाचं नातं मात्र यात्रेकरूंच्या पलीकडचं आहे. मोरगावच्या आग्नेयेला, शेजारच्या इंदापूर तालुक्यात, निरेच्या काठी वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी कळंब गावाजवळ ऊसमळा आणि साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती हे गाव वसलं. रेल्वेची बांधकामं, बोगदे, सिंधिया कंपनीची जहाजं, बेंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी एवढं सगळं ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला मोटारही देशातच बनवायची होती. १९४० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली. युद्धकाळातल्या इंग्रज सरकारने या प्रकल्पाला हात दिला नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीतल्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंदशेठ गेले. त्याच सुमाराला सरकारने धोरण ठरवलं की इथे सुटे भाग बनवायची तयारी नसेल तर नुसती जोडणी करून गाड्या विकता येणार नाहीत. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले कारखाने बंद केले. प्रीमियर टिकली, आणि १९५४ मध्ये फियाट ११०० रस्त्यावर आली. मिलेचेंतो, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलत गेली, पत्रा आणि दिवे बदलले. इंजिन तेच राहिलं.

त्या इंजिनचं वय तर त्याहून जास्त. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर, वॉल्व्ह हेडमध्ये आणि कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये: या मापांचं इंजिन फियाटने १९३७ च्या आपल्या ‘५०८ सी’ मॉडेलात बसवलं होतं. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा हा आराखडा. त्या वेळी त्याची ताकद ३२ अश्वशक्ती होती, पद्मिनीत ४० झाली. इटलीने १९६२ मध्ये आपल्या ११०० ला १२२१ सीसीचं इंजिन दिलं. आपण १०८९ वरच राहिलो आणि पद्मिनी बंद होईपर्यंत ते बनवत राहिलो. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. सहा दशकांहून अधिक उत्पादन आणि त्यानंतर दोन दशकांचं रोजचं धावणं. मोटारीच्या इंजिनला इतकं आयुष्य फार क्वचित मिळतं.

चाळीस अश्वशक्ती म्हणजे किती, ते कळायला मारुती ८०० शेजारी ठेवावी. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या त्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ६८.५ बाय ७२ चं. गुणाकार करून पाहा: फियाटचा एक सिलिंडर २७२ सीसीचा, मारुतीचा २६५ सीसीचा. आकार जवळपास तोच, सिलिंडर एक कमी, आणि तरी ताकद फियाटच्या जवळ जाणारी. मारुतीचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये होता आणि कॉम्प्रेशन जास्त. फियाटचं कॉम्प्रेशन आठाच्या आत, कारण ते ज्या काळच्या पेट्रोलसाठी बेतलेलं होतं ते पेट्रोलच हलक्या प्रतीचं. शिवाय फियाट वजनाला जवळपास नऊशे किलो. म्हणून ती घाटात दुसऱ्या गिअरवर येते, आणि तिथे खूप वेळ राहते. पण कमी कॉम्प्रेशनचा आणि जाड बिडाच्या ब्लॉकचा फायदाही होता. हे इंजिन भेसळीचं पेट्रोल, चुकलेलं टायमिंग, थकलेलं ऑइल असं सगळं सोसून माणसांना घरी पोचवायचं.

आता त्याची दुखणी. जुना मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी विचारतो की बंद पडली तेव्हा झटका देऊन बंद पडली की आचके देत पडली. झटक्यात बंद पडली तर करंट गेला. आचके देत, दम तोडत गेली तर पेट्रोल. या एका प्रश्नात निम्मं निदान होतं. बाकीचं धूर सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय.

करंटची बाजू जवळून पाहण्यासारखी आहे. डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात डेलको म्हणतात. त्याची टोपी काढली, रोटर उचलला की आत दोन छोटे पॉइंट दिसतात, चिमटीत मावणारे. मधला दांडा चौकोनी कॅमचा; तो फिरला की पॉइंट उघडतात, मिटतात. उघडण्याच्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका प्लगला जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. शेजारी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो नसता तर प्रत्येक उघडण्याला पॉइंटांमध्येच ठिणगी उडून ते जळाले असते. कंडेन्सर खराब झाला की नेमकं तेच होतं: एका पॉइंटवर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. मेकॅनिक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून दोन्हींच्या मध्ये घालतो, दोनतीनदा ओढतो, फुंकर मारतो, दांडा अशा जागी आणतो की कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेवर येईल, आणि मग फिलर गेजचं पान आत सरकवतो. पान अडलं नाही पाहिजे आणि सैलही नको. ओढताना जेमतेम धरल्यासारखं वाटलं पाहिजे. फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. जिथे फिलर गेज नसे तिथे जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर काम भागवलं जाई. मी अशी सेट केलेली इंजिनं चालताना ऐकली आहेत, आणि ती चांगली चालत होती.

टॅपेट सेट करण्याची रीत याहून सुंदर आहे. आठ वॉल्व्ह, त्यांच्यावर आठ रॉकर. वॉल्व्ह पूर्ण मिटलेला असेल तेव्हाच त्याची फट मोजायची. पण तो पूर्ण मिटलाय हे बाहेरून कसं ओळखायचं? चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरीने वर येतात, तसेच दोन आणि तीनचे. एक नंबरला ठिणगी पडायची वेळ असते तेव्हा चार नंबरला जुना धूर बाहेर जाऊन नवी हवा आत येत असते. म्हणून चार नंबरचे दोन्ही रॉकर एकत्र डोलले, एक मिटता मिटता दुसरा उघडू लागला, की एक नंबरचे दोन्ही सेट करायचे. तीनचे डोलले की दोनचे. एकचे डोलले की चारचे. फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन. हे ज्याला हाताने कळलं त्याला चार-स्ट्रोक इंजिन कळलं; त्याला फळ्यावर आकृती काढून दाखवायची गरज राहत नाही.

सगळ्यात महाग दुखणं पाण्याचं. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन नीट पाण्यात असेल तर दोघांमधलं गॅस्केट हा फरक सांभाळून घेतं. पाणी कमी झालं, पंख्याचा पट्टा सैल पडला किंवा रेडिएटर आतून तुंबला, की हेड तापून वाकतं आणि गॅस्केट उडतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागतात आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. मग हेड उतरवा, लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करा, नवं गॅस्केट घाला. बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, तेही दोनतीन टप्प्यांत. टोकाकडून आवळत आलं तर फुगवटा मध्ये अडकतो आणि महिन्याभरात तेच काम परत दारात येतं.

बारामती-इंदापूर पट्ट्यात या दुखण्यात एक भर पडते. इथल्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी क्षाराचं. कालव्याखाली जमिनी चोपण झाल्या, ती गोष्ट शेतकऱ्याला ठाऊकच आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की काय होतं याकडे मात्र लक्ष गेलं नाही. क्षार ब्लॉकच्या पोकळीत थर धरतात, मागच्या सिलिंडरांपर्यंत पाणी धड पोचत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि बीड एकाच खारट पाण्यात बसले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. हेड उलटं करून पाहावं तर पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. कूलंट घालण्याची सवय तेव्हा नव्हती. त्यात अनेक मेकॅनिकांनी थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत पाडली. ‘काढला की गाडी गार राहते’ असा समज. मला ही पद्धत पटत नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्याच्या सकाळी तापायलाच तयार नसतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा लवकर जातात. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करावा, पाण्याचा पंप पाहावा. थर्मोस्टॅट हा आजार नव्हता.

रिंगा गेल्या की निळा धूर. प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा आणि स्टार्टर फिरवायचा. दाब अंगठा उडवून लावतो का ते पाहायचं. चारपैकी एक ढिला असेल तर त्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा पाहायचं. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह. मग ‘हाफ इंजिन’, म्हणजे अर्धीच दुरुस्ती, करायची की बोअर करून नवे पिस्टन टाकायचे, हा निर्णय घरातल्या मोठ्या माणसांना विचारून व्हायचा, कारण खर्च मोठा. हे सगळं काम तालुक्याच्या गावात होई. क्रँक टर्निंगला पुण्याला जावं लागलं तरी बाकी इंजिन गॅरेजच्या ओट्यावर बांधलं जाई.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं तेव्हा जुन्या गाड्यांचे वॉल्व्ह बसतील अशी भीती होती. अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या बीएमसी इंजिनमध्ये ती भीती खरी होती, कारण त्याचं हेड बिडाचं आणि वॉल्व्हच्या सीट त्याच बिडात कापलेल्या. फियाटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटच्या कड्या वेगळ्या बसवलेल्या असतात, म्हणून ती त्यातून सुखरूप बाहेर पडली.

आत्ताचं पेट्रोल तिला तितकं सोपं जाणार नाही, आणि या गोष्टीत बारामती-इंदापूर पुन्हा येतात. सोमेश्वर, माळेगाव अशा कारखान्यांच्या आसवन्या उसाच्या मळीतून इथेनॉल काढतात. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलं. उसाला भाव मिळावा, परदेशी तेलावरचा खर्च कमी व्हावा, हे हेतू चांगले आहेत आणि इथल्या शेतकऱ्याचा त्यात थेट फायदा आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्या मुलखातल्या साखरधंद्याच्या माणसाने ही मोटार आपल्याकडे आणली, त्याच मुलखाचा ऊस आता तिच्या टाकीत येतोय, आणि तिच्या आतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही.

एसी पंपाचा पडदा, पेट्रोलचे होस, कार्बोरेटरमधल्या काही वायशर: जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरतं. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली क्रँककेसमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये. कार्बोरेटरचं ओतीव शरीर जस्ताच्या मिश्रधातूचं. ओलाव्याने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती जेटमध्ये जाते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी जातात, टाकी आतून गंजते, आणि इथेनॉल जुना मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. जळण्याचा हिशेबही बदलतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊ. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. फियाटच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. पितळी जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल जातं. मिश्रण पातळ होतं, प्लगचं टोक पांढुरकं दिसतं, इंजिन जास्त तापतं. घाटातल्या व्हेपर लॉकलाही हे पेट्रोल मदतच करतं.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. होस इथेनॉल सोसणारे टाकावेत, ते बाजारात मिळतात. पंपाचा पडदा तसाच. मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग पाहावा. फिकट विटकरी आला की थांबावं. टाकीजवळ छोटा विजेचा पंप बसवला तर पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जातं, नळीत दाब राहतो आणि वाफ धरत नाही. मोरगावच्या वाहनतळावर फडकं भिजवावं लागत नाही. त्याची वायर इंजिन बंद पडताच पंपही बंद होईल अशी जोडावी, अपघातात पेट्रोल उडत राहू नये म्हणून. आणि गाडी पंधरवड्यातून एकदा तरी पंधरावीस किलोमीटर फिरवावी.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. पहिल्या पद्मिनी आता कुठे त्या वयाच्या झाल्या. म्हणजे अजून बरीच वर्षं दरसाल काही गाड्या या दारातून आत येत राहतील. सुटे भाग शोधले तर सापडतात. कमी पडणार आहेत ती डोलणारे रॉकर बघून टॅपेट सेट करणारी माणसं. त्यांच्यातले बरेच जण आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही.

नवी फियाटही याच जिल्ह्यात आली, हे लक्षात ठेवण्याजोगं. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या रांजणगावात फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला आणि तिथे १.३ लिटरची मल्टिजेट डिझेल इंजिनं बनली. इटलीच्या पियाजोचा कारखाना तर खुद्द बारामतीत आहे. इंजिन बनवणारे आणि जुळवणारे हात या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या तयार होत आले. त्यांना शिकवायला संस्था आहेत. बारामतीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि वालचंदनगरात फियाटचं एकेक १०८९ सीसीचं इंजिन स्टँडवर बसवून ठेवावं, डेलको आणि कार्बोरेटरसकट, चालू स्थितीत. मुलांनी ते स्वतः उघडावं, पॉइंट सेट करावेत, मुद्दाम टायमिंग चुकवून आवाज ऐकावा, वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर जेट बदलून प्लगचा रंग तपासावा. तालुक्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन तिथे उभं करावं. हे पुढच्या जूनच्या प्रवेशापासून सुरू करता येईल. इंजिन मिळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.